बोट तुम्हाला झोपू देणार आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३४ फुटी, तीस वर्षं जुनी फायबरग्लासची शिडाची बोट लांबच्या बंदरात स्वस्तात मिळाली, आता ती साधारण २,२०० सागरी मैल एकट्याने घरी आणायची आहे, हातात अडीच महिने आहेत, पैसे मोजकेच आहेत, आणि सोबत ४१ वस्तूंची यादी देऊन विचारलंय की यातलं आधी काय घेऊ.

यादी दोनदा वाचली. वाईट नाहीये, मेहनत घेतलीय हे दिसतं. पण ती सगळी बोटीची यादी आहे, तुमची नाही. मी गेली बरीच वर्षं लोकांच्या बोटी इकडून तिकडे पोचवायचं काम करतो, त्यातल्या काही एकट्याने आणल्या, आणि माझा अनुभव असा की एकट्याच्या प्रवासात बोट आधी दमत नाही, माणूस दमतो. दमलेला माणूस मग चुकीची दोरी सोडतो, फिल्टर उलटा बसवतो, हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) न लावता "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणत पुढे जातो. म्हणून मी प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक दुरुस्तीला एकच प्रश्न विचारतो, याने मला झोप मिळणार आहे की माझी झोप मोडणार आहे? आधी काय आणि नंतर काय हे त्यावर आपोआप ठरतं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच कबूल करतो. तुमचा मार्ग आणि मोसम मला माहीत नाही. जाताना मागून वारा आणि येताना तोंडावर, असं बऱ्याच मार्गांवर असतं. हवाईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला परतणारे लोक सरळ पूर्वेला निघतच नाहीत, आधी कित्येक दिवस उत्तरेला जातात, तिथल्या मोठ्या हाय प्रेशरला, म्हणजे वारा पडलेल्या जास्त दाबाच्या पट्ट्याला, वळसा घालतात आणि मग पूर्वेला वळतात. कॅरिबियनमधून युरोपला जाणारे बर्म्युडा, अझोर्स असं वरून जातात. म्हणजे नकाशावरचे २,२०० मैल पाण्यावर २,७०० होऊ शकतात, आणि ३४ फुटी बोट एकट्याने चालवताना दिवसाला १०० ते ११० मैल पडले तरी मी खूश असतो. तुम्ही वीस दिवस धरलेत, मी अठ्ठावीस धरीन आणि सामान चाळीसचं भरीन. वादळाचा मोसम मध्ये येत असेल तर तारीख पुढे ढकला, त्यावर कुठलंही उपकरण नाही. आणि तुम्ही आजवर सलग किती रात्री समुद्रात काढल्यात हे प्रश्नात कुठेच नाहीये, ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. उत्तर 'एकही नाही' असेल तर सोबत एक जाणता माणूस घ्या किंवा बोट मालवाहू जहाजावर चढवून आणायचा खर्च तरी विचारून बघा, त्यात कमीपणा काही नाही. विम्याचे कागदही वाचा, बऱ्याच पॉलिसी एकट्याच्या लांब प्रवासाला लागू नसतात.

झोपेचं गणित सांगतो, कारण "वीस मिनिटांचा गजर लाव" हे सगळे सांगतात, पण वीसच का ते कोणी सांगत नाही. कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या उघड्या जागेत, उभं राहिलात की तुमचे डोळे पाण्यापासून साधारण अडीच मीटरवर असतात, तिथून क्षितिज जेमतेम सव्वातीन सागरी मैलांवर. जहाज उंच असतं म्हणून ते त्याही पलीकडून दिसतं, पण धुरकट हवा आणि लाटा धरून सहा मैलांवर नक्की दिसेल असं समजू. ते २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) तुमच्याकडे येतंय, तुम्ही ६ नॉटने त्याच्याकडे जाताय, म्हणजे अंतर २६ नॉटने कमी होतंय. सहा मैल संपायला चौदा मिनिटंही लागत नाहीत. म्हणजे वीस मिनिटं हा काही शास्त्रात लिहिलेला आकडा नाही, ती एक तडजोड आहे. समुद्रातल्या टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक बोटीने सदासर्वकाळ नजर ठेवायची. एकटा माणूस झोपला की तो नियम मोडतो, सरळ गोष्ट आहे, ते मान्य करूनच निघायचं आणि जोखीम कमी करत राहायची. मी किनाऱ्यापासून पहिले पन्नास-साठ मैल आणि जहाजांच्या मुख्य मार्गांवर झोपतच नाही, अगदीच झालं तर दहा मिनिटांची डुलकी. मोकळ्या समुद्रात वीस-तीस मिनिटांचे तुकडे घेतो, आणि जिथे दोन दोन दिवस एक जहाज दिसलेलं नाही तिथे एआयएसच्या, म्हणजे जवळच्या जहाजांचे रेडिओ सिग्नल पकडणाऱ्या यंत्राच्या, भरवशावर तासभर. दिवसाही झोपतो, कारण दिवसा माझी बोट त्यांना दिसण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून तुमच्या यादीतली एआयएस ही वस्तू बरीच वर न्या, आणि ती नुसती ऐकणारी नको, स्वतःचा सिग्नल पाठवणारी हवी. तिचा गजर मात्र चार्ट टेबलवर नाही, उशाशी पाहिजे, आणि असा कर्कश की शेजारच्या बोटीतला माणूस शिव्या घालत उठेल. मूळ गजर बहुतेक वेळा मोबाइलच्या मेसेजसारखा टिंग वाजतो, तिसऱ्या रात्रीनंतर तो तुमच्या कानात शिरतच नाही. वेगळा बझर लावा. आणि छोट्या मासेमारी बोटींवर एआयएस असेलच असं नाही, तेव्हा गजर वाजला नाही म्हणजे समुद्र रिकामा आहे असं समजू नका.

आता सुकाणू कोण धरणार? तुम्ही विजेवर चालणारा ऑटोपायलट लिहिलाय, एकच. एकट्यासाठी तो दुसरा नंबर आहे, पहिला विंडवेन. मागे बसवलेलं पातं वाऱ्याने कलतं, त्यामुळे पाण्यातली पट्टी वळते, पाण्याचा जोर तिला बाजूला ढकलतो आणि दोऱ्या टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ओढतात. वीज लागत नाही, आणि वारा वाढला की त्याची ताकदही वाढते, ऑटोपायलटचं नेमकं उलटं आहे. विंडवेनचे तोटे दोन. वारा पडला, इंजिन लावलं की तो निकामी, म्हणून छोटा टिलर पायलट (टिलरला लावायचा विजेवरचा ऑटोपायलट) सोबत हवाच. आणि तो वाऱ्याशी कोन धरतो, होकायंत्राशी नाही. रात्री वारा हळूच फिरला तर बोटही शांतपणे फिरते, तुम्ही मस्त झोपलेले आणि सकाळी बघता तर चाळीस अंश भलतीकडे. मोबाइलवर किंवा जीपीएसवर दिशेचा गजर लावून ठेवा.

आणि दोन्ही बंद पडले तर? १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करत होते, त्यांच्या 'सुहैली'चं सेल्फ-स्टीअरिंग ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचं गेलं. पुढचा निम्मा प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून, टिलर बांधून केला. ती बोट लांब कीलची, म्हणजे तळाशी लांबलचक कणा असलेली, होती, स्वभावानेच सरळ चालणारी. तुमची किती वेळ सरळ चालते हे बंदराजवळच शोधून काढा. मध्यम वाऱ्यात मेन (मोठं शीड) थोडं ढिलं, जिब (पुढचं शीड) थोडं घट्ट, टिलरला एका बाजूने दोरी आणि दुसऱ्या बाजूने रबरी नळी, आणि घड्याळ लावून बसा. दहा मिनिटं टिकली तरी खूप आहे, चहा होतो तेवढ्यात.

रडर. म्हणजे सुकाणूचं पाण्यातलं पातं. तुमच्या ४१ वस्तूंत हा शब्दच नाहीये, आणि मला खरी काळजी याचीच आहे. बोट पाण्याबाहेर काढाल तेव्हा टिलर दोरीने पक्का बांधा, खाली जाऊन रडरचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवा, मग पुढे-मागे, मग वर-खाली. थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच, पण "टक्" असा आवाज आला किंवा टोक बोटभर हललं तर बेअरिंग गेलेत. मग दोन दिवस तसंच राहू द्या आणि रडरच्या खालच्या कडेला हात फिरवा. ओल लागली, तपकिरी पाणी ओघळताना दिसलं, तर आत पाणी शिरलंय आणि आतल्या स्टीलच्या सांगाड्याचं काय झालंय हे उघडल्याशिवाय कळणार नाही. एकदा मला अशीच बोट मिळाली होती, मालक म्हणाला वर्षानुवर्षं असंच गळतंय, काही होत नाही. आम्ही खालून एक खिडकी कापली तर आतल्या तीन पट्ट्यांपैकी दोन जोडावर सुटलेल्या, नखाने खपल्या निघत होत्या. रडर एका पट्टीवर लटकत होता. इमर्जन्सी टिलर असेल तर तो बसवून खरंच अर्धा तास चालवून बघा, पुष्कळ बोटींवर तो लॉकरला आपटतो हे लोकांना समुद्रातच कळतं.

रिगिंगच्या, म्हणजे मास्ट (डोलकाठी) उभी धरणाऱ्या, तारा किती जुन्या आहेत हे विकणाऱ्याला विचारा, कागद नसेल तर जुन्याच समजा. दहा-बारा वर्षांच्या तारा मी लांबच्या प्रवासाला नेत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे कापसाचा बोळा तारेवरून वरून खालपर्यंत फिरवायचा, जिथे कापूस अडकेल तिथे तारेचा एखादा धागा तुटलाय. खालच्या टोकाची फिटिंग भिंगातून बघा, केसाएवढी चीर पुरते. चेनप्लेट, म्हणजे त्या तारा बोटीला जिथे धरलेल्या असतात त्या पट्ट्या, किमान दोन तरी पूर्ण बाहेर काढून बघा. स्टेनलेस स्टील उघड्यावर चकचकीत राहतं आणि डेकच्या जाडीत, ओल आहे पण हवा नाही अशा जागी गुपचूप कुजतं. बाहेरून काही कळत नाही. कापायची साधनंही घ्या, मोठा कटर आणि करवतीची भरपूर पाती, कारण मास्ट पडली तर ती तारांना लटकून बोटीचीच कूस फोडते. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत अभिलाष टॉमींची बोट दक्षिण हिंदी महासागरात वादळात कलंडली, मास्ट गेली, पाठीला एवढी दुखापत झाली की बंकवरून (झोपायच्या फळीवरून) उठता येईना, आणि फ्रान्सचं 'ओसिरिस' जहाज पोचेपर्यंत तीन दिवस तसेच पडून होते. इतका कसलेला नौदलाचा अधिकारी. म्हणून ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाची हाक देणारं यंत्र), पिण्याचं पाणी, वेदनाशामक गोळ्या आणि मेसेज पाठवायचं सॅटेलाइट यंत्र हे सगळं बंकवर पडल्या पडल्या हाताला लागेल असं बांधा. ही सवय मला त्यांच्या त्या प्रसंगावरून लागली.

ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झचा असतो, चालू केला की किमान ४८ तास चालतो, पण तो तुमच्या बोटीच्या नावावर नोंदवलेला पाहिजे. जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर शोधणारे आधी त्याच्या घरी फोन करतील. अंगावर वेगळा छोटा पीएलबी, म्हणजे तशीच हाक देणारं एका माणसाचं यंत्र, ठेवा. पण खरं सांगू का, एकटा माणूस पाण्यात पडला की बोट विंडवेनवर मजेत पुढे निघून जाते. लाइफजॅकेट असो नसो, बोट परत येत नाही. त्यामुळे सगळा खर्च आणि डोकं न पडण्यावर लावा. कॉकपिटपासून नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, जॅकलाइन (स्वतःला अडकवून ठेवायची दोरी) टाका, ती चपट्या पट्ट्याची, पॉलिस्टरची. नायलॉन ओलं झालं की ताणतं. ती रेलिंगजवळ नको, शक्य तितकी मधोमध, आणि टेदर, म्हणजे हार्नेस तिला जोडणारा पट्टा, इतका आखूड की पाय घसरला तरी तुम्ही डेकवरच पडाल. डेकवर तो लावून झोपा आणि बघा डोकं कडेबाहेर जातंय का. जात असेल तर टेदर लांब आहे.

शिडांबद्दल. मेनला तिसरा रीफ (शीड आवळून लहान करायची पायरी) शिवून घ्या, नसेल तर, आणि रीफ घ्यायचा सराव अंधारात करा, हेडलँप न लावता. कुठली दोरी कुठे हे हाताला कळलं पाहिजे. मी सूर्य मावळायच्या आधी एक रीफ जास्त घेतो, वारा असो नसो. अर्धा-एक नॉट वेग जातो, जाऊ दे. रात्री अडीचला झोपेतून उठून, भिजून, धडपडत रीफ घेण्यापेक्षा ते दहा मैल स्वस्त. आणि हीव्ह-टू शिका, म्हणजे जिब उलट्या बाजूला, मेन बारीक, टिलर वाऱ्यापासून दूरच्या बाजूला बांधून टाकायचा. बोट जवळपास थांबते, हळूहळू वाहते, आणि इतका वेळ चाललेला आरडाओरडा एकदम बंद होतो. जेवायला, इंजिन उघडायला, चार तास पडायला याच्याइतकं दुसरं औषध नाही. पण प्रत्येक बोटीचा स्वभाव वेगळा, फिन कील, म्हणजे तळाला आखूड पंखासारखी कील, असेल तर नीट जमायला दोन-तीन दिवस खटपट करावी लागेल.

आतापर्यंतचा क्रम तेवढा परत सांगतो म्हणजे गोंधळ नको: रडर, चेनप्लेट आणि तारा, विंडवेन, एआयएस आणि गजर, जॅकलाइन, तिसरा रीफ. तुमचं बजेट इथेच बरंचसं संपेल, आणि तसंच ते संपायला हवं.

वीज पटकन उरकतो. फ्रिज आणि रडार काढून टाकलंत आणि विंडवेन असला तर ३४ फुटी बोटीला दिवसाला ३०-४० अँपिअर-तास पुरतात. १०० वॉटचं सोलर पॅनल समुद्रात, शिडाच्या सावल्या पडत, दिवसाला साधारण २५-३० देतं. म्हणजे दोन पॅनल. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) मी यादीतून खोडला, तेवढ्या पैशात जास्तीचं पाणी आणि कॅन येतात. पिणं आणि स्वयंपाक धरून दिवसाला चार लिटर, चाळीस दिवसांचे १६०. पण सगळं एका टाकीत नको. सुहैलीच्याच प्रवासात टाक्यांतलं पाणी खराब झालं आणि नॉक्स-जॉन्स्टनना पावसाचं पाणी गोळा करून पुढे जावं लागलं. निम्मं टाकीत, निम्मं कॅनमध्ये, आणि कॅन पूर्ण भरू नका, थोडी हवा ठेवली की ते पाण्यावर तरंगतात.

डिझेलची टाकी मात्र निघायच्या आधी उघडून साफ करा, याला पर्याय नाही. जुन्या टाकीच्या तळाशी काळा शेवाळी गाळ बसलेला असतो, बंदरात तो झोपलेला असतो, पहिल्या मोठ्या लाटांत ढवळतो आणि फिल्टरमध्ये येतो. माझ्यासोबत हे बंदरापासून चाळीस मैलांवर झालं, वारा शून्य, प्रवाह मला खडकांकडे नेतोय, आणि सोबत फिल्टर दोनच. दुसरा वीस मिनिटांत चोंदला. शेवटी डिझेल जुन्या बनियनमधून गाळून कॅनमध्ये भरलं, कॅन कॉकपिटमध्ये बांधला आणि नळी थेट इंजिनला जोडून आत आलो. तेव्हापासून आठ फिल्टर नेतो आणि बनियनही.

बाकी किरकोळ. बोटीच्या तळाला जेवढी भोकं आहेत त्या प्रत्येकाच्या कॉकला (तोटीला) त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. हाताने चालणारा एक बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसायचा) कॉकपिटमधून, हॅच बंद ठेवून, मारता आला पाहिजे. जेवण जे तुम्हाला एरवी आवडतं तेच, पहिल्या तीन दिवसांचं शिजवून न्या कारण तेव्हा पोट जाग्यावर नसतं. गरम काही करताना उघड्या पायांनी उभं राहू नका, भाजणं ही एकट्यासाठी मोठी भानगड आहे. आणि दात दाखवून या डॉक्टरला.

यानंतर चाचणी. आधी एकट्याने एक पूर्ण रात्र, मग आठवड्याने एकट्याने तीन दिवस-तीन रात्री, कुठेही न थांबता, किनाऱ्यापासून लांब, त्यातला एक दिवस तरी वाऱ्याच्या तोंडावर. दुसऱ्या रात्री तुम्हाला कळेल की उशाजवळ पाणी ठिबकतंय, कप्प्यातले डबे खडखडतायत आणि तो खडखडाट तुम्हाला वेड लावतोय. ही सगळी यादी करा, दुरुस्त करा, आणि त्यानंतर नवीन काहीही बसवू नका. निघायच्या आदल्या दिवशी बसवलेली वस्तू पहिल्या आठवड्यात बिघडते, मी तरी हेच बघत आलोय.

घरच्यांना पोचायची तारीख देऊ नका. "अमुक तारखेपासून पुढे दोन आठवड्यांत कधीही" असं सांगा, आणि दोन-तीन दिवस मेसेज आला नाही म्हणजे यंत्र बिघडलंय असं आधी समजायचं, घाबरायचं नाही, नेमकं किती दिवसांनी कोणाला कळवायचं हे कागदावर लिहून द्या. याचं कारण घर जवळ येतं तेव्हाच माणूस सगळ्यात जास्त दमलेला असतो आणि सगळ्यात जास्त घाईत. एकदा तेवीस दिवसांनंतर पहाटे तीनला मला बंदराच्या तोंडाची लाल बत्ती दिसली. चार्टवरच्या जागेशी जुळत होती, म्हणजे मी ती जुळवली. वळलोसुद्धा. मग ती बत्ती हळूच डावीकडे चालायला लागली. मासेमारी बोट होती, आणि माझ्या पुढे अर्ध्या मैलावर लाटा फुटल्याचा आवाज येत होता. त्याआधी तासभर मला केबिनमध्ये दोन माणसं गप्पा मारताना ऐकू येत होती आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते ऐकू आलं तेव्हाच थांबायला हवं होतं. वळून पुन्हा बाहेर गेलो, हीव्ह-टू केलं, उजाडेपर्यंत वाट बघितली. घरच्यांना तारीख दिली होती ना, म्हणून घाई.

तर आधी बोट बाहेर काढा आणि रडर हलवून बघा. किती प्ले आहे, खाली ओल लागते का, आणि कील फिन आहे की लांब, हे तीन लिहा. मार्ग आणि महिनाही. त्यावर पुढचं बोलू, तोपर्यंत रडारचे पैसे भरू नका.